धातूंची पारख : मंडईंतून परततांना सुचलेला विचार

शेतकरी जमिनीची जात ओळखतो. बियाणें मुठींत घेऊन त्याचा कस सांगतो. बैलाच्या खांद्याकडे व खुरांकडे पाहून त्याची किंमत करतो. परंतु ज्या वस्तूंवांचून त्याचा एक दिवसहि जात नाहीं त्या धातूंच्या बाबतींत मात्र तो बहुधा चकाकीवर आणि दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहतो. नांगराचा फाळ, खुरपें, विळा, कुदळ, पहार, घरांतील भांडीं, औषधफवारणीचा पंप, विहिरीवरील मोटारीची तार, माल मोजण्याचीं वजनें हीं सर्व धातूंचीं. आणि या सर्वांची खरेदी आपण करतों ती डोळे मिटून. माझें असें मत आहे कीं, धातूंचें मोटें ज्ञान हें जमिनीच्या व खताच्या ज्ञानाइतकेंच शेतकऱ्याच्या धंद्याचें अंग आहे, आणि तें मिळविण्याची सोय आपल्या संघानें केली पाहिजे. हें मत कां झालें तें सांगण्याकरितां हा लेख.

पुण्याची मंडई इ. स. १८८६ सालीं उभी राहिली. आरंभीं तिला मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव होतें. पुढें महात्मा फुले यांचें नांव तिला मिळालें. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या पुरुषाचें नांव भाजीबाजारास शोभून दिसतें, हें कोणीहि म्हणेल. परंतु जोतीरावांनीं १८६३ च्या सुमारास धातूंच्या ओतकामास लागणाऱ्या साहित्याचाहि व्यापार केला होता, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. शेतीचा कैवारी धातूंच्या व्यवहारांत मुरलेला होता, यांत मला कांहीं विसंगत वाटत नाहीं. आणखी एक योगायोग असा कीं, ज्या १८८६ सालीं मंडई बांधून झाली त्याच सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्सांत एरू या दोन तरुणांनीं, एकमेकांची ओळखहि नसतां, विजेच्या साहाय्यानें अॅल्युमिनियम वेगळें काढण्याची कृति शोधून काढली. तोंवर तो धातु दुर्मिळ व महाग होता. तेथून पुढें तो स्वस्त होत जाऊन आपल्या चुलीपर्यंत येऊन पोंचला.

मंडईंतील घाऊक व्यापार पुढें गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला. तरीहि आपल्यापैकीं पुष्कळांचे पाय माल विकल्यावर मंडईकडे वळतातच; कारण घरच्या व शेताच्या खरेदीचा बाजार तिच्याच आसपास आहे. तुळशीबागेंत भांडीं, बोहरी आळींत लोखंडी सामान व हत्यारें, आणि थोडें पुढें कसब्यांत गेलें कीं तांबट आळींत तांब्याचें घडीव काम. भाजीचा पैसा एका हातानें येतो व दुसऱ्या हातानें धातूंत जातो. येतांना आपण तो पै पै घासाघीस करून घेतों. जातांना मात्र वस्तूची परीक्षा न करतां देतों.

माझीच गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मेथी व कांद्याची पात घालून मी परत निघालों असतां, निंदणीचे दिवस जवळ आले म्हणून सहा खुरपीं व दोन विळे घेतले. दुकान कोणतें तें सांगण्याचें कारण नाहीं. दोष एका दुकानाचा नव्हे. खुरपीं आरशासारखीं चकचकीत होतीं, मुठी रंगविलेल्या होत्या आणि भावहि गांवच्या लोहारापेक्षां कमी होता. पहिल्या आठवड्यांतच दोन खुरपीं हरळीच्या मुळांत वांकलीं. विळ्यांची धार रोज सकाळीं लावावी लागे व दुपारपर्यंत ती बोथट होई. निंदणीच्या बाया वैतागल्या, आणि जें काम चार दिवसांत व्हावयाचें त्यास सहा दिवस लागले. दोन दिवसांची मजुरी हत्यारांच्या सबंध किंमतीहून अधिक झाली. मग मी तीं खुरपीं घेऊन गांवच्या म्हाताऱ्या लोहाराकडे गेलों आणि “यांस पाणी द्या” असें म्हटलें. त्यानें एक पातें भात्यांत लाल केलें, पाण्यांत बुडविलें आणि त्यावर कानस फिरविली. कानस लोण्यांत सुरी जावी तशी लागली. तो म्हणाला, “पाटील, हें लोखंड पाणी धरीत नाहीं. कितीहि तापवा, हें असेंच राहणार. तुम्ही पत्रा विकत घेतलात.”

त्याचें बोलणें अक्षरशः खरें होतें. लोखंडांत कर्ब किती आहे यावर त्याचा सारा स्वभाव ठरतो. ज्यांत कर्ब शेंकडा पाव भागाच्या आंत आहे तें सौम्य पोलाद. पत्रे, खिळे, पट्ट्या, सळया यांचें. तें वांकतें, ठोकलें असतां पसरतें, जोडतां येतें, पण पाणी देऊन कठीण होत नाहीं. ज्यांत कर्ब शेंकडा अर्ध्यापासून एक भागापर्यंत आहे तें हत्याराचें पोलाद. तें लाल करून एकदम थंड केलें असतां कांचेसारखें कठीण होतें. आणि ज्यांत कर्ब शेंकडा दोन ते चार भाग आहे तें बीड. तें सुमारें ११५० ते १२०० अंशांवर वितळत असल्यामुळें सांच्यांत सहज ओततां येतें, दाब उत्तम सोसतें, परंतु घणाचा आघात बसला कीं तडकतें. शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश उष्णता लागते. तीनहि वस्तूंस आपण ‘लोखंड’ या एकाच नांवानें हांक मारतों आणि तेथेंच फसतों.

हें ज्ञान आपल्या वाडवडिलांस होतें काय? पुस्तकी भाषेंत नव्हतें. पण त्यांस त्याची गरजहि कमी होती, आणि हाच माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. गांवगाड्यांत लोहार हा बलुतेदार होता. ज्यानें फाळ घडविला त्यानेंच तो वर्षभर शेवटून द्यावयाचा, आणि मोबदला सुगीवर ठरलेला. हत्यार वाईट निघालें तर त्याचा त्रास शेतकऱ्याइतकाच लोहारासहि होता. म्हणून वाईट लोखंड तो आपण होऊनच टाळीत असे. परीक्षेचें काम व्यवस्थाच करीत होती. आज घडविणारा एका प्रांतांत, विकणारा दुसऱ्या शहरांत आणि वापरणारा तिसऱ्या ठिकाणीं. विळ्याची धार गेली तर त्याची झळ फक्त वापरणाऱ्यास. ती जुनी व्यवस्था पुन्हा आणावी असें मी म्हणत नाहीं. तींत लोहाराच्या वांट्यास पुष्कळदां अन्यायहि येई. मी इतकेंच म्हणतों कीं, व्यवस्था गेली तेव्हां तिच्या पोटांतील परीक्षाहि गेली, आणि ती जागा भरून काढण्यास खरेदीदाराच्या ज्ञानाशिवाय दुसरें कांहीं नाहीं.

अज्ञानाचें नुकसान दोन्ही बाजूंनीं होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां तो घेण्यास शेतकरी धजत नव्हते. लोखंडानें जमिनीस विष बाधतें असा समज होता. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना निघाला आणि त्याच नांगरानें हरळी व कुंद्याखालीं पडलेली जमीन उलथून वहितीस आणली. आपल्या आज्यांनीं अज्ञानानें धातूचें भय धरलें. आपण अज्ञानानें धातूवर विश्वास टाकतों. दोहोंचें मूळ एकच.

आतां परीक्षेकडे वळूं. कठीणपणा पाहण्यास एक जुनी कानस पुरे. विकत घ्यावयाच्या हत्याराच्या धारेवर ती हलकेच फिरवावी. कानस सहज खात असेल तर धार मऊ, टिकणार नाहीं. कानस नुसती घसरत असेल व मुळींच लागत नसेल तर धार अति कठीण, दगडावर आपटतांच तिचा टवका उडण्याचा संभव. थोडी घसरून, कष्टानें किंचित् लागली तर हत्यार चांगलें. दुसरी परीक्षा सहाणेच्या चाकावरील ठिणग्यांची. सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब व सरळ निघतात. कर्ब अधिक असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीप्रमाणें चांदण्यांनीं फुटतात. बिडाच्या ठिणग्या तांबूस व आंखूड असतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत हा फरक लहान मुलासहि दिसतो.

पाणी देण्याची कृतिहि समजून घेण्यासारखी आहे. लाल पातें पाण्यांत बुडविल्यावर तें कठीण होतें, पण ठिसूळहि होतें. म्हणून चांगला लोहार तें घांसून उजळ करतो व पुन्हा मंद आंचेवर धरतो. तेव्हां त्यावर रंग चढूं लागतात : सुमारें २३० अंशांस गवती पिंवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. जसजसा रंग पुढें सरकतो तसतसा कठीणपणा थोडा उतरतो व चिवटपणा वाढतो. ज्या हत्यारानें कापावयाचें तें पिंवळ्या-तपकिरी रंगावर थांबवावें. ज्यास धक्के सोसावयाचे, अशी कुदळ किंवा छिन्नी, तें जांभळ्या-निळ्यावर. लोहाराजवळ उष्णतामापक नव्हता. हे रंगच त्याचें मापन होतें. पुढच्या वेळीं लोहारशाळेंत गेल्यावर तंबाखू चोळीत बाहेर न बसतां हे रंग पाहावे, अशी माझी तरुण वाचकांस विनंति आहे.

उष्णतेनें धातु फुगतो, या गुणाचा उपयोग तर आपल्या डोळ्यांपुढें पिढ्यान् पिढ्या होत आला. बैलगाडीच्या चाकास धाव चढवितांना ती चाकाच्या घेरापेक्षां थोडी लहान घेतात, गोंवऱ्यांच्या आगींत लाल करतात, लाकडी चाकावर बसवितात आणि लगेच पाणी ओततात. एक अंश उष्णता वाढली कीं लोखंड आपल्या लांबीच्या दहा लाखांश भागांपैकीं सुमारें १२ भागांनीं वाढतें. चाकाचा घेर ४.७ मीटर धरला व धाव ५०० अंशांनीं तापविली, तर ती सुमारें २८ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाहून किंचित् अधिक वाढते. थंड होतांना तेवढीच आवळते व आरे घट्ट धरून ठेवते. हें गणित न करतां सुतार-लोहार तें अचूक साधीत. आज रबरी चाकांच्या गाड्या आल्या, तरी दांडा बसविलेला कणा, तापलेली मोटार, उन्हांतील पत्र्याचें छप्पर यांस हाच नियम लागू आहे. छपराचा पत्रा ठोकतांना खिळ्याभोंवतीं थोडी मोकळीक ठेवावी, ती याचसाठीं.

घरांतील भांड्यांकडे आलों म्हणजे एक नवीन फसवणूक दिसते. आजीच्या हातचीं तांब्या-पितळेचीं भांडीं मोडीच्या भावानें वजनावर विकून त्यांच्या जागीं पातळ पत्र्याचीं चकचकीत भांडीं घेण्याची रीत पडली आहे. बिनगंजाचें पोलाद वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. इंग्लंडांतील शेफील्ड येथें १९१३ सालीं हॅरी ब्रिअर्ली यांनीं तें प्रसिद्धीस आणलें. त्यांत क्रोमियम शेंकडा साडेदहा भागांहून अधिक असतें, त्याचा अदृश्य पापुद्रा हवेंत आपोआप बनतो व गंज चढूं देत नाहीं. ताक, चिंच, लोणचें यांस त्याच्यासारखें भांडें नाहीं. पण तांबें त्याच्यापेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहतें. म्हणून पातळ पोलादी पातेल्यांत दूध एकाच ठिकाणीं लागतें व तांब्याच्या भांड्यांत सर्व बाजूंनीं सारखें तापतें. ज्या कामास जो धातु योग्य तो तेथें ठेवावा. नव्याचा हव्यास नको, जुन्याचा अभिमानहि नको. मात्र विकण्यापूर्वीं आपण काय विकतों आहों तें तरी जाणावें.

तें जाणण्यास एक सोपी युक्ति आहे. भांडें आधीं हवेंत वजन करावें. मग दोऱ्यानें टांगून, पाण्यांत पूर्ण बुडवून पुन्हा वजन करावें. जेवढें वजन घटलें त्यानें मूळ वजनास भागावें. १६८० ग्रॅमची वस्तु पाण्यांत २०० ग्रॅमनें हलकी झाली, तर भागाकार ८.४ येतो, तें पितळ. तांब्याचा भागाकार जवळजवळ ९ येतो, लोखंडाचा ७.९, जस्ताचा ७.१, अॅल्युमिनियमचा २.७, चांदीचा १०.५, शिशाचा ११.३ आणि सोन्याचा १९.३. भांड्याचा कांठ जाड दिसत असेल तर त्यांत लोखंडी तार गुंडाळली आहे काय तें लोहचुंबकानें पाहावें. बिनगंजाच्या पोलादाची पारख मात्र एकट्या चुंबकानें होत नाहीं. चांगल्या व हलक्या अशा दोन्ही प्रकारच्या कांहीं जातींस चुंबक चिकटत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

पितळेच्या भांड्यांत ताक कळकतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आंबट पदार्थांत तांब्याचे क्षार उतरतात. ते पोटास अपायकारक. त्यावरील उपाय कल्हई. नवसागरानें भांडें स्वच्छ करून तापवितात व त्यावर कथील फिरवितात. कथील अवघ्या २३२ अंशांस वितळतें म्हणून हें काम भात्यावर होतें. येथेंच लबाडी शिरते. कथील महाग, शिसें स्वस्त, आणि दोन्ही मिसळलीं असतां तीं आणखी लौकर वितळतात. परंतु शिसें हें विष आहे. तें शरीरांत सांचत जातें व लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम करतें. कल्हईवाला दारीं आला म्हणजे त्याची कांब हातांत घ्यावी. शुद्ध कथलाची कांब वांकविली तर करकर असा आवाज करते. शिसें मुकाट वांकतें व कागदावर ओढलें असतां काळसर रेघ उमटवितें. ज्या घरांत ही परीक्षा होते त्या घरीं कल्हईवाला दुसऱ्यांदा शिसें आणीत नाहीं.

आतां शेतांतील एक मोठी चूक. द्राक्षें, डाळिंब, बटाटा, पानमळा यांवर आपण मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण मारतों. फ्रान्सांतील बोर्डो प्रांतांत मिलार्डे यांनीं तें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. शेंकडा एक प्रमाणाच्या मिश्रणास एक किलो मोरचूद, एक किलो चांगला चुना व १०० लिटर पाणी लागतें. पुष्कळ शेतकरी मोरचूद लोखंडी किंवा जस्ताच्या बादलींत विरघळवितात. तसें केलें कीं लोखंड पाण्यांत उतरतें व त्याच्या जागीं तांबें बादलीस चिकटतें. बादली लालसर दिसूं लागते, तिला भोंकें पडतात, आणि ज्या तांब्यासाठीं पैसे दिले तें पिकावर न जातां बादलीवरच राहतें. मोरचूद नेहमीं प्लॅस्टिकच्या, लांकडी किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवावा.

परंतु ज्या गुणानें नुकसान होतें त्याच गुणानें परीक्षाहि होते. मिश्रण तयार झाल्यावर घांसून स्वच्छ केलेलें विळ्याचें पातें त्यांत थोडा वेळ बुडवावें. पात्यावर तांबूस पुट चढलें तर मोरचूद मोकळा राहिला आहे. तो पानें जाळील. पुट चढेनासें होईपर्यंत चुन्याची निवळी घालीत जावें. एक विळा हा येथें रसायनशाळेचें काम करतो. हें ज्यास समजलें त्यास धातूंचें ज्ञान म्हणजे शाळेंतील पाठांतर वाटणार नाहीं. त्याच कारणानें खत पेरण्याचें यंत्र काम संपल्यावर तसेंच ठेवूं नये. खताचे क्षार ओलसर हवेंत लोखंड व जस्त दोन्ही खातात. यंत्र धुवून, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवावें.

विहिरीवरील विजेच्या मोटारींविषयीं दोन शब्द. सारख्या जाडीच्या तारांत अॅल्युमिनियम हें तांब्याच्या शेंकडा ६१ इतकीच वीज वाहतें. म्हणून तांब्याच्या तारेच्या जागीं अॅल्युमिनियमची घालावयाची तर तिचा छेद सुमारें १.६ पट हवा. स्वस्त म्हणून तेवढ्याच जाडीची तार घातली कीं ती तापते, दाब पडतो व मोटार जळते. त्याहून वाईट म्हणजे तांब्याची व अॅल्युमिनियमची तार नुसती पीळ मारून जोडणें. दोन्ही धातु उष्णतेनें सारखे फुगत नाहींत, त्यामुळें जोड सैल पडतो. आणि पावसाळ्यांत ओल लागली म्हणजे अॅल्युमिनियम झपाट्यानें झिजतें. असा जोड द्यावयाचा तर दोन धातूंसाठीं बनविलेली खास टोपीच वापरावी. माझ्या शेजाऱ्याची मोटार ऐन उन्हाळ्यांत अशाच एका जोडानें गेली, आणि तिच्याबरोबर अर्धा एकर उंसहि वाळला.

शेवटचें उदाहरण मंडईच्या काट्यावरचें. लोखंडी वजन उलटें करून पाहिलें तर तळाशीं एका खळग्यांत शिसें भरलेलें दिसतें व त्यावर तपासणीचा शिक्का असतो. हें शिसें तेथें कां? वजन ओतल्यावर तें अचूक करण्यास थोडी भर घालावी लागते. शिसें जड असल्यामुळें लहान खळग्यांत मावतें, गंजत नाहीं, आणि मऊ असल्यामुळें शिक्का स्पष्ट उमटतो. बिडावर तो उमटला नसता. एकाच वस्तूंत बिडाचा टणकपणा व शिशाचा मऊपणा असे दोन धातूंचे गुण कायद्यानें कामास लावले आहेत. शेर व मण जाऊन दशमान मापें १९५६ च्या कायद्यानें आलीं. आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे व शिक्क्याची तपासणी ठराविक मुदतीनें व्हावी लागते. ज्या वजनाचें शिसें निघालेलें आहे तें हलकें. जें गंजून पापुद्रे सुटलें आहे तेंहि हलकें. आणि ज्याच्या तळाशीं शिक्क्यावांचून नवी भर दिसते तें जड असण्याचा संशय घ्यावा. घेणारा जड वजनानें घेतो व देणारा हलक्यानें देतो, ही बाजाराची जुनी खोड. विजेचे काटे आले म्हणून प्रश्न मिटला असें नव्हे. त्यांच्या पोटींहि एक धातूचा तुकडाच भाराखालीं केंसभर वांकतो, त्यावर चिकटविलेल्या बारीक तारेचा रोध बदलतो, व तोच बदल आंकड्यांत दिसतो. धातूच्या लवचिकपणावर सारी मदार. म्हणून त्या काट्यावरहि तपासणीचा शिक्का पाहण्याचा आपला हक्क आहे.

या सर्वांवर आक्षेप असा येईल कीं, शेतकऱ्यास एवढा वेळ कोठें? कानस, चुंबक व पाण्याची बादली घेऊन तो बाजारभर हिंडणार काय? आक्षेप खरा आहे. एकट्या शेतकऱ्याच्यानें हें होणार नाहीं, आणि प्रत्येक दुकानदार त्यास तसें करूंहि देणार नाहीं. दुसरे म्हणतील, चांगलें हत्यार महाग पडतें. पण माझ्या सहा खुरप्यांचा हिशेब वर दिला आहे. वस्तूची किंमत दुकानांत एकदां द्यावी लागते. तिच्या वाईटपणाची किंमत मात्र ती मोडेपर्यंत रोज द्यावी लागते. आणखी कोणी म्हणेल, मानकसंस्थेचा शिक्का पाहिला कीं झालें. शिक्का जेथें असेल तेथें तो अवश्य पाहावा; परंतु खुरपीं, विळे, कुदळी यांपैकीं किती वस्तूंवर तो आपल्यास दिसतो, हें वाचकांनींच आठवून पाहावें.

म्हणून माझ्या सूचना संघासाठीं आहेत. पहिली : संघाच्या भांडारांत एक परीक्षेची पेटी ठेवावी. तींत दोन कानशी, एक लोहचुंबक, एक बारीक काटा, एक सहाणेचें चाक व पूर्वीं तपासून ठेवलेले धातूंचे नमुने असावे. खर्च फार मोठा होणार नाहीं. दुसरी : हत्यारें हंगामापूर्वीं सभासदांची मागणी गोळा करून एकत्र घ्यावीं, व ढिगांतून कोणतींहि पांच काढून त्यांची परीक्षा झाल्यावरच पैसे द्यावे. शंभर खुरप्यांच्या गिऱ्हाइकाचें म्हणणें दुकानदार ऐकतो. तिसरी : पावतीवर वस्तूचें नांव नव्हे, तर धातूचें नांव लिहून मागावें, ‘विळे दोन’ असें नव्हे, ‘पाणी दिलेल्या पोलादाचे विळे दोन’ असें. चौथी : ज्या गांवांत अजून लोहार आहे तेथें त्यास वर्षाची ठरीव रोख रक्कम देऊन बांधून घ्यावें, आणि चांगलें पोलाद संघानें पुरवावें. त्याचें कसब जिवंत राहील व आपलीं हत्यारेंहि.

पांचवी सूचना घरासाठीं आहे. आपलीं मुलें शाळेंत धातूंचीं नांवें व गुण पाठ करतात, आणि त्याच घरांत मोरचूद लोखंडी बादलींत विरघळतो. या रविवारीं मुलास जवळ बसवून एक विळा, एक कानस व एक तांब्या पुढें ठेवावा आणि त्याच्याकडून परीक्षा करवावी. तो चार गोष्टी आपल्यासहि सांगेल.

त्या म्हाताऱ्या लोहारानें माझीं खुरपीं परत दिलीं तेव्हां मजुरी घेतली नाहीं. “न झालेल्या कामाचे पैसे कसले?” असें तो म्हणाला. नंतर त्यानें जुन्या मोटारगाडीच्या कमानीच्या पट्टीचीं सहा खुरपीं मला करून दिलीं. तें पोलाद पाणी उत्तम धरतें. त्यांतील चार आजहि माझ्या वाड्यांत आहेत. तीं चकाकत नाहींत, काळींच आहेत. पण हरळीच्या मुळांत अजून एकहि वांकलें नाहीं.